रोमन खांबाचा श्रावणी सोमवार

जगातल्या कुठल्याही ऐतिहासिक गावातली सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे तिथलं स्वच्छतागृह. चर्च, वखार, रोमन रस्ता वगैरे सगळं त्याच्यानंतर. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही, पण आयुष्यभर गावात माणसं फिरवल्यावर मी ते छातीठोकपणे सांगू शकते. सत्तरीतल्या गृहस्थाला आपण कितीही रंगवून सांगितलं की या रस्त्याने रोमन सैन्य गेलं, तरी त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो सैन्याबद्दल नसतो.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याचं नाव योहान. तो यंत्रं बसवायला पुण्याला आला होता आणि जाताना मला घेऊन गेला. तेव्हापासून मी बव्हेरियात, आल्प्सच्या एका दरीतल्या गावात राहते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, नदीला लागून एक मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर भिंतींवर संत रंगवलेली घरं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भाषांतराची सोय हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये असते आणि मला अजून तिथेच राहायचंय.

माझा धंदा गावदर्शनाचा. जर्मनीत त्याला गेस्टेफ्युररिन म्हणतात आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, कारण जर्मनीत कुत्र्याला फिरवायचं सोडून सगळ्यालाच परीक्षा असते. काही ठिकाणी कुत्र्यालाही असते म्हणा. परीक्षा झाली की गळ्यात घालायचा एक बिल्ला मिळतो. या बिल्ल्यावर माझं सगळं होतं. बाकी सगळीकडे मी श्टाडलरांची ती परदेशी सून. बिल्ला घातला की लोक मला त्यांच्याच गावाचा रस्ता विचारायचे.

कामाचं तंत्र सोपं आहे, पण जमायला वेळ लागतो. उलटं चालता यायला हवं, म्हणजे बोलताना तोंड माणसांकडे राहतं. उन्हात थांबायचं नाही. चर्चखाली घंटा व्हायच्या सुमाराला थांबायचं नाही. सनावळ्या सांगायच्या नाहीत, कोणी ऐकत नाही. प्रत्येक गटात एक माणूस असतो ज्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याला सुरुवातीलाच हेरायचं आणि मान डोलवायला पुढे उभं करायचं. आणि काहीही झालं तरी बस थांबवून ठेवायची नाही, कारण बसचा ड्रायव्हर चिडला की पुढच्या वर्षी तो गट दुसऱ्या दरीत जातो.

गट तऱ्हेतऱ्हेचे. एकदा र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी आली होती. गावाबाहेर खडकात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. तिथे लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. या मंडळींनी खिशातून टेप काढली आणि गुडघ्यांवर बसून दोन चाकांमधलं अंतर मोजायला सुरुवात केली. मग आकड्यावरून त्यांच्यात भांडण लागलं. रोमन सैन्य, बिशप, व्हेनिसचे व्यापारी, सगळे बाजूला राहिले आणि त्या दिवशी आमचं गावदर्शन त्या चाकोरीतच संपलं. मला इतका आनंदी गट परत मिळाला नाही.

आता गावाचा इतिहास थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची भानगड कळेल. आमच्या दरीतून रोमन लोकांचा रस्ता जायचा, इटलीतून डोंगर ओलांडून वर आउग्सबुर्गला. रोमन गेले, रस्ता राहिला. मग मध्ययुगात त्याच रस्त्याने व्हेनिसचा माल यायला लागला: रेशीम, सुका मेवा, दारू, आणि आपली मिरी. हो, मलबारची मिरी आमच्या गावातून जायची. हे सांगितलं की मराठी गट नेहमी टाळ्या वाजवतो, जणू ती त्यांनीच पाठवली होती. पण त्या व्यापाऱ्याला माल सरळ नेता यायचा नाही. प्रत्येक गावच्या गाडीवाल्यांची एक मंडळी असायची, तिला रोट म्हणत. आमच्या हद्दीत माल फक्त आमच्या बैलगाडीतून. गावात आला की वखारीत उतरवायचा, आणि मग ज्याची पाळी असेल त्याने तो पुढच्या गावापर्यंत न्यायचा. तिथे परत उतरवायचा. आपल्या रिक्षा स्टँडवर जशी रांग असते आणि मधूनच बाहेरची रिक्षा प्रवासी उचलायला आली की जे होतं, तेच इथे शेकडो वर्षं चाललं. त्यावरच गाव श्रीमंत झालं. ती चित्रं काढलेली घरं म्हणजे गाडीवाल्यांचीच घरं.

पण गावाला गाडीवाल्यांचं कौतुक नव्हतं. गावाला हवे होते रोमन.

याला कारण हेर, म्हणजे श्रीयुत, लोइटनर. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. उंच, ताठ, हिवाळ्यातही टाय. बाजारचौकात एक दगडी खांब आहे, कंबरेएवढा उंच, गोल, वरून गुळगुळीत. तो रोमन मैलाचा दगड आहे हे लोइटनरांनी तरुणपणी जाहीर केलं होतं. त्याच्यावर त्यांना तीन अक्षरं दिसली होती, कुठल्याशा सम्राटाच्या बिरुदाची. इतरांना ती अक्षरं दिसायची नाहीत, पण लोइटनरांनी बोटाने दाखवली की दिसायची. मग गावाने खांबावर छोटं छप्पर घातलं, लॅटिनमध्ये पाटी लावली, औषधाच्या दुकानाचं नाव रोमन झालं, पिझ्झावालाही रोमन झाला, जो तुर्कस्तानचा आहे. दर शनिवारी लोइटनर मऊ ब्रश घेऊन तो खांब स्वतः धुवायचे.

माझ्या परीक्षेत त्यांनी मला विचारलं होतं, "हा दगड कोणत्या काळातला?"

मी म्हटलं, "बहुधा रोमन."

"बहुधा?"

"हो, बहुधा."

त्या एका शब्दावर त्यांनी मला नापास केलं. पुढच्या वेळी मी बहुधा गिळला आणि पास झाले. पण त्यानंतर मी त्यांची खोडी काढायची एक संधी सोडली नाही. खांबापाशी आलं की मी गटाला म्हणायची, "हे सम्राटाचं नाव. ज्यांना दिसत नाही त्यांनी हेर लोइटनरांचा चष्मा मागून घ्यावा." लोक हसायचे. हे त्यांच्या कानावर जात होतं, आणि जावं अशीच माझी इच्छा होती.

आता खांबाचं रूप नीट डोळ्यांसमोर आणा. गोल, गुळगुळीत, काळसर दगड. तो जिथे उभा केलाय ती जुन्या हौदाची गोल तळी आहे, आणि तिच्यातून पाणी जायला एका बाजूला दगडी पन्हळ आहे. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहून बोलले आणि माझ्या डोक्यात ते आलं नाही. मराठी माणूस फार काळ जर्मनीत राहिला की असं होतं.

म्युनिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला अनिकेत नावाचा मुलगा दर उन्हाळ्यात माझ्याकडे गट आणायचा. त्याच्यासारख्यांचे आईवडील, सासूसासरे सुट्टीला येतात, आणि दोन आठवड्यांनी घरात कोणी कोणाशी बोलेनासं होतं, तेव्हा त्यांना आल्प्स दाखवायला आणतात. त्या दिवशी अनिकेतचे वडील होते, त्याच्या सासूबाई मालतीबाई होत्या आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी काही जणी. मालतीबाई नाशिकच्या. अंगावर जरीची साडी, पायात जावयाने घेऊन दिलेले डोंगर चढायचे बूट. चौकात आम्ही पोचलो तशी अनिकेतच्या वडिलांनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच तो सैन्याबद्दल नसलेला प्रश्न विचारला. चौकातलं स्वच्छतागृह दुरुस्तीला बंद होतं. मी त्यांना पलीकडच्या खानावळीत घेऊन गेले, मालकिणीकडून किल्ली घेतली आणि बाहेर उभी राहिले.

तेवढ्यात अनिकेतचा फोन आला.

"शुभदाताई, तुम्ही प्लीज लवकर या ना. एक छोटा प्रॉब्लेम झालाय."

"कोण पडलं?"

"पडलं नाही कोणी. पूजा चाललीय."

मी धावत गेले. खांबाच्या भोवती बायका उभ्या होत्या, चपला-बूट शिस्तीत ओळीने काढून ठेवलेले. मालतीबाईंनी खांबाला कुंकवाचं बोट नव्हे, अख्खी डबी लावली होती. वरून दुधाचा अभिषेक झाला होता. दूध म्हणजे बेकरीत कॉफीबरोबर मिळतात त्या इवल्या डब्यांतलं घट्ट दूध. सगळ्यांनी आपापली डबी फोडून वाहिली होती. बेल मिळाला नाही म्हणून नदीकाठच्या गवतातून तीन पानांचं क्लोव्हर आणलं होतं. आणि फुलं? राटहाउसच्या, म्हणजे गावच्या कचेरीच्या, खिडकीखालच्या कुंड्यांतली लालभडक जिरेनियम खुडून आणली होती. बव्हेरियात तुम्ही एक वेळ बँक लुटली तर वकील मिळेल, पण राटहाउसची जिरेनियम खुडलीत तर कोणी उभं राहणार नाही.

अनिकेत कडेला उभा होता. "मी म्हणत होतो, अहो आई, नका ना. पण त्या ऐकतच नाहीत," तो कुजबुजला. जावयाने सासूचा हात धरायचा कसा, हा त्याचा खरा पेच होता.

"मालतीबाई, अहो हे काय केलंत! हा मैलाचा दगड आहे."

"असू दे की," त्या शांतपणे म्हणाल्या. "आज श्रावणी सोमवार. इतक्या लांब आले आणि समोर पिंड दिसली, शाळुंकेसकट. मी तशीच पुढे जाऊ?"

"तिथे पाटी आहे ना."

"पाटी मी पाहिली. संस्कृतसारखीच वाटली."

मी मागे वळले तर औषधाच्या दुकानासमोर हेर लोइटनर उभे होते. हातात पिशवी. ते जवळ आले, खिशातला रुमाल काढला, खांबावरून ओघळणारं लाल दूध टिपायला गेले आणि ते आणखीच पसरलं. मग ते रुमाल तसाच हातात धरून उभे राहिले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात कचेरीतून बोलावणं आलं. पुरातन वस्तूचं नुकसान, गट सोडून गेल्याचा ठपका, आणि जिरेनियम. गावच्या समितीपुढे सुनावणी होऊन माझा बिल्ला राहतो की जातो ते ठरणार होतं. समितीत महापौर बाई, पर्यटन कचेरीचा माणूस आणि अर्थातच लोइटनर. तोपर्यंत काम बंद. योहान म्हणाला, "तू साठी ओलांडलीस, आता सोड की." त्याला काय कळणार? त्याचे पूर्वज जिथे पुरलेत तिथेच तो जन्मला. त्या गावात उभं राहून बोलायचा हक्क मला त्या बिल्ल्याने दिला होता, आणि तो गेला असता तर मी परत फक्त भाजी आणायला बाहेर पडले असते. हे मी त्याला मराठीत सांगितलं, कारण मला जर्मनमध्ये रडता येत नाही.

खांब साफ करायला म्युनिकहून जुन्या दगडांच्या तज्ज्ञ आल्या. चुणचुणीत बाई. त्यांनी खांबाभोवती काळा कापडी तंबू ठोकला आणि आत एका बाजूने दिवा लावून फोटो काढायला लागल्या. मी रोज थर्मासमधून चहा न्यायची. गुन्हेगाराने घटनास्थळी घुटमळू नये म्हणतात, पण मला राहवत नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या चहाला त्यांनी मला आत बोलावलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "ही पूड दगडावर सगळीकडे लागली होती. वरची निघाली. पण छिन्नीने मुद्दाम कोरलेल्या खोल रेघांमध्ये ती अजून बसलीय. नुसत्या झिजेच्या ओरखड्यांत नाही."

दिव्याच्या तिरप्या उजेडात खांबावर लाल रेघा उठल्या होत्या. पण अक्षरं नव्हतीच. एक चाक होतं. त्याच्या खाली लहान लहान खुणा एकाखाली एक कोरलेल्या: फुली, बाण, उलटं दाताळं. जुन्या घरांच्या दारांवर आमच्याकडे अशा खुणा असतात, प्रत्येक घराची वेगळी. गाडीवाल्यांना लिहिता यायचं नाही, तेव्हा ते आपली खूण काढायचे.

"तर, हा रोमन नाही," बाई म्हणाल्या. "दगडाची घडण मध्ययुगातली आहे. वर मानेभोवती ही खाच पाहिलीत?"

"हेर लोइटनर तिला रोमन नक्षी म्हणतात."

"दोर घासून पडलीय. इथे बैल बांधायचे. पाळी असलेल्या घरांच्या खुणा खाली कोरल्यात."

मी मनातल्या मनात नाचले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी सांगितलं की अहवाल दगडाच्या मालकाकडे जाणार, म्हणजे इतिहास मंडळाकडे, म्हणजे लोइटनरांकडे. तो त्यांनी दाबून ठेवला तर खांब रोमनच राहणार होता, आणि रोमन खांब बाटवणारी म्हणून मी जाणार होते.

"मीटिंगमध्ये तू उठून सांग," योहान म्हणाला.

"आधी त्यांना काय सांगायचंय ते बघते," मी म्हटलं. पण रात्रभर मी जर्मन वाक्यं जुळवत होते, एकाहून एक टोचणारी.

सुनावणीच्या खोलीत उन्हाळ्यातही गार वाटत होतं. महापौर बाईंनी तक्रार वाचली. जिरेनियमच्या उल्लेखाला पर्यटन कचेरीच्या माणसाने डोळे मिटले. मग लोइटनर उभे राहिले. टाय, चष्मा, हातात अहवाल. मी माझं पहिलं वाक्य जिभेच्या टोकावर आणून ठेवलं होतं.

त्यांनी अहवाल वाचायला सुरुवात केली. शाळेत वाचतात तसा, सावकाश, एकही ओळ न गाळता. रोमन नाही. अक्षरं नाहीत. बैल बांधायचा खांब. दोराची खाच. मध्ये एकदा थांबून ते पाणी प्यायले आणि त्यांनी परत त्याच ओळीपासून सुरू केलं. वाचून झाल्यावर कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मी चुकीचं वाचत आलो. इतकी वर्षं."

महापौर बाई म्हणाल्या, "पण नुकसानीचं काय, हेर लोइटनर?"

"नुकसान झालंय," ते म्हणाले. "जिरेनियमचं. फ्राऊ श्टाडलरनी नवीन लावून द्यावीत."

आणि ते बसले. माझा बिल्ला वाचला. जुळवून आणलेलं एकही वाक्य मला लागलं नाही, आणि त्या क्षणी मला त्या सगळ्या वाक्यांची लाज वाटली. एवढ्या वर्षांत ज्याची टिंगल केली तो माणूस माझ्यासमोर स्वतःचं आयुष्य मोठ्याने वाचून गेला होता. मला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण ते टोपी घालून निघून गेले होते.

मालतीबाईंना फोन करून हा निकाल सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे नंदीच तिथे बांधत होते म्हणा ना. मग माझं काय चुकलं?"

त्यानंतर कित्येक शनिवार लोइटनर चौकात दिसले नाहीत. लॅटिन पाटी निघाली, औषधाचं दुकान मात्र रोमनच राहिलं. मी जिरेनियम लावली, रोज पाणी घातलं. खांबापाशी आता मी गाडीवाल्यांची गोष्ट सांगायला लागले होते, पण ती नीट रंगत नव्हती. लोक ऐकायचे, खाच बघायचे आणि आइस्क्रीमकडे वळायचे.

सप्टेंबरात बाड हॉम्बुर्गहून एक मोठा गट आला. त्यात तो सगळं माहीत असलेला गृहस्थ होताच. मी गोष्ट संपवली तसा तो म्हणाला, "म्हणजे रोमन नाहीच? नुसता बैल बांधायचा खुंट? फारच वाईट झालं."

मी काही बोलणार तेवढ्यात बाकावरून आवाज आला. लोइटनर तिथे येऊन बसलेत हे मला कळलंच नव्हतं. टाय नव्हता.

"वाईट?" ते उठून गटात शिरले. "सम्राट या गावात कधी फिरकला नाही, महाशय. आला असता तरी मुक्कामाला थांबला नसता. माझ्या आजोबांच्या आजोबांचे पूर्वज मात्र इथे थांबायचे. इथे, तुम्ही उभे आहात तिथे. बैल सोडायचे आणि त्या भिंतीशी जाऊन मुतायचे." गट खळखळून हसला. लोइटनर खाली वाकले, एका गुडघ्यावर बसले आणि खांबावर खाली कोरलेल्या उलट्या दाताळ्यावर त्यांनी बोट ठेवलं. रेघांमध्ये अजून थोडं लाल होतं. "ही आमच्या घराची खूण. माझ्या दारावर आहे. मी रोज तिच्याखालून बाहेर पडायचो आणि इथे येऊन सम्राट शोधायचो."

मग ते बोलत सुटले. हिवाळ्यात बर्फात गाडी कशी अडकायची, पाळी चुकली तर भाऊ भावाशी कसा बोलायचा नाही, मिरीचं पोतं ओलं झालं तर काय व्हायचं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या घरात सांगत आले होते. त्याला इतिहास म्हणतात असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. तो सगळं माहीत असलेला गृहस्थ तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

पुलापलीकडून बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग परत, जरा रागाने. मी ड्रायव्हरला लांबूनच थांब म्हणून हात केला आणि गटाच्या मागे जाऊन ऐकत उभी राहिले.